सुगत, सुगंध नव्हे

रात्री पावणेतीन. टर्मिनल दोनच्या बाहेर
आम्ही अकरा जण, एक शिडी,
आणि कटिंगचे चुरगळलेले कागदी पेले.
ती दुबईहून येणार होती.
कुत्र्यासकट, अशी टीप होती.
कुत्रा नवा. कुत्र्याचे वेगळे पैसे.

तेवढ्यात कार्गोतल्या बाविस्करचा फोन:
"सहारच्या गेटवर ये. आपल्या विक्रोळीचा पोरगा आलाय."
मी म्हटलं, कोण, तो क्रिकेटवाला?
बाविस्कर थोडा वेळ काही बोललाच नाही.

मी गेलो. का गेलो ते अजून नीट सांगता येत नाही.
शिडीवरची माझी जागा तोवर गेली होती,
म्हणूनही असेल.

तिथे फोर्कलिफ्टचा पिवळा दिवा गरगरत होता.
सफरचंदांचे खोके उतरले, शालींचे गठ्ठे,
कुणाचं तरी मोटारीचं इंजिन,
आणि मग ती पेटी.
कुलाब्याहून आलेल्या सहा जवानांनी
तिच्यावर तिरंगा अंथरला,
एक कोपरा पुन्हा पुन्हा सरळ करत.
वारा नव्हता. तरी.

वडिलांच्या हातात पावती होती, सही करायची होती.
"एकशे अठरा किलो," त्यांनी वाचलं. चष्मा वर सरकवला.
"एवढा कुठला? बासष्ट भरायचा.
भरतीच्या दिवशी दीड किलो कमी पडत होता
तर मैदानाच्या फाटकाशी उभा राहून
डझनभर केळी खाल्ली होती साहेब त्यानं."
क्लार्क म्हणाला, पेटीसकट धरतात वजन, काका.
"हां. पेटीसकट."
आणि त्यांनी सही केली. पूर्ण नाव, आडनावासह,
शाळेच्या वहीवर करावी तशी.

मी फ्लॅश बंद ठेवून सात फोटो काढले.
कॅमेरा दिसताच त्यांनी गळ्याचं बटण लावलं.
"कुठला पेपर?"
सांगितला.
"नाव तेवढं नीट घाला. लान्स नायक सुगत तांबे.
सुगत.
मागे वक्तृत्वात पहिला आला
तेव्हा तुमच्याच पेपरात सुगंध छापलं होतं.
पोरं वर्षभर अगरबत्ती म्हणायची त्याला."
हसले ते. त्यांच्याबरोबर मीही हसलो असेन.

खिशात फोन थरथरत होता.
ती बाहेर आली होती, पिवळा स्वेटर, चष्मा नाही,
दहा जणांना मिळाली, मला नाही.
डेस्कवरून विचारणा: कुत्र्याचं नाव ट्रफल की ट्रॅफल?
पुन्हा: खात्री करून सांग.
पुन्हा: तिच्या मॅनेजरला विचार, चूक नको,
मागच्या वेळी केवढी बोंब झाली.
मी विचारलं. ट्रफल.
कार्गोच्या भिंतीला टेकून, पेटीपासून वीस पावलांवर,
मी ते नाव एकेक अक्षर सुटं करून कळवलं.

सकाळी ती पान एकवर, चार कॉलम,
स्वेटरची किंमत चौकटीत.
तो पान सातवर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली,
सहा ओळी. फोटोला जागा नव्हती.
विक्रोळीचे जवान सुगंध तांबे.

मी सुगतच लिहून पाठवलं होतं.
फोन उघडून अजून दाखवता येईल.
कुणाला?

आठवड्याने कन्नमवार नगरला गेलो,
पाकिटात एक प्रिंट, आठ बाय बारा.
खाली सोसायटीच्या फळ्यावर
टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी ते कात्रण होतं.
सुगंधवर निळ्या बॉलपेनाची रेघ,
कागद फाटू नये इतकी हलकी,
आणि वर, त्या पावतीवरच्याच अक्षरात: सुगत.

लिफ्ट बंद होती.
दोन जिने चढलो. वर कुणीतरी रेडिओ लावला होता,
कुकर शिजत होता, चपला दारात नीट लावलेल्या.
बोलायचं वाक्य जुळवत उभा राहिलो
आणि तसाच उतरलो.

पाकीट त्यांच्या टपालपेटीत सरकवलं.
आत पूर्ण मावत नव्हतं.
दुमडलं असतं तर मावलं असतं.
अर्धं बाहेर राहू दिलं.